खाज थांबल्यानंतरचे आठवडे

पावसाळ्यात माझ्या दवाखान्यात दुखणी पायापासून वर चढत जातात. जूनअखेरीस आवणी सुरू झाली की आधी चिखल्या. श्रावण लागेपर्यंत जांघा, काखा आणि परकराच्या नाडीखालची कंबर. गणपती येईपर्यंत पोट-पाठ, आणि मग घरातल्या पोरांच्या माना, गाल, हनुवट्या. उत्रोलीत बसून इतके पावसाळे गेले, की बाहेरच्या बाकावर कोण कुठे हात घालून खाजवतंय यावरून कॅलेंडर न बघता महिना सांगता येईल.

भोर तालुका भाताचा. वरंध घाटाकडे, हिर्डोशीच्या बाजूला पाऊस नुसता कोसळत असतो. आमच्याकडे त्या मानाने कमी, पण खाचरं भरायला पुरतो. इंद्रायणी लावा नाहीतर आंबेमोहोर, काम तेच. तरवा उपटायचा, मुठी बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या खाचरात वाकून मागे मागे सरकत रोपं रोवायची. गमबूट चिखलात रुततो, म्हणून बाया अनवाणी. सकाळी उतरलेला पाय दिवेलागणीला बाहेर येतो, तेव्हा बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, फुगलेली, सोललेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची बेचकी सगळ्यात आधी जाते, कारण तिथे दोन बोटं एकमेकांना चिकटून असतात आणि वारा शिरत नाही. भिजलेल्या कातडीत आधी बुरशी शिरते, तिने पाडलेल्या भेगांतून मग जंतू. एखादीचा पाय रातोरात गुडघ्यापर्यंत सुजतो, थंडीताप भरतो, आणि तिला वाटतं काहीतरी चावलं. चावलेलं काही नसतं. दारं बोटांच्या बेचक्यात उघडी पडलेली असतात.

चिखल्यांवर घरोघरी मेंदी लावतात. मी तिला विरोध करत नाही. कातडी आवळते, थोडी कोरडी पडते, बाईला बरं वाटतं. माझी अडचण वेगळी आहे. मेंदीने रंगलेल्या पायावर लाली किती आणि कुठवर चढलीय हे दिसत नाही. म्हणून आजींना सांगते, ‘आधी मला दाखवा, मग मेंदी लावा.’ आजी म्हणतात, ‘आधी मेंदी लावली म्हणून तर इथवर चालत आले गं पोरी.’

अंगावर येणाऱ्या गजकर्णाची गोष्ट चिखल्यांहून वेगळी नाही, फक्त जागा वेगळी. आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, त्यात केराटिन नावाचं प्रथिन. नखं, केस यांतही तेच. ही बुरशी केराटिनवर जगते, ते विरघळवून खाते. खोल ती सहसा जात नाही. आत रक्ताची ऊब तिला सोसत नाही, आणि तिला लागणारं लोह रक्तातली प्रथिनं धरून ठेवतात. त्यामुळे ती पसरते ती आडवी. उन्हाळ्यात आमच्या डोंगरांना वणवा लागतो तेव्हा आग कडेकडेने सरकते आणि मध्ये जळून गेलेलं रान राहतं; गजकर्णाची कडा तशीच लाल, उंचवटलेली, जागती असते आणि मधला भाग निवल्यासारखा दिसतो. ती लाली आणि खाज बुरशीची नसते. तिला हुसकायला शरीराने केलेली ती धावपळ असते. हे एवढं ध्यानात आलं की पुढचा सगळा घोळ कळतो.

घोळ ट्यूबपासून सुरू होतो.

पेशंट आत येतो, बसतो, आणि खिशातून शेपटाकडून गुंडाळत आणलेली, पार पिळून काढलेली ट्यूब टेबलावर ठेवतो. ‘हीच द्या मॅडम, फक्त जरा पॉवरची.’ ट्यूबवरची बारीक अक्षरं मी त्याला वाचून दाखवते. एक बुरशीचं औषध, एकदोन जंतूंची, आणि त्यांच्या जोडीला क्लोबेटासोल किंवा त्याच्याच जातीचं स्टिरॉइड. यातलं क्लोबेटासोल कातडीवर लावायच्या स्टिरॉइडांतलं सगळ्यात जहाल. सोरायसिससारख्या आजारात, जाड कातडीवर, थोडे दिवस, नीट देखरेखीखाली वापरलं तर फार गुणाचं. जांघेत मात्र ते शरीराची धावपळच बंद करतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, माणूस खूश. बुरशी तिथेच असते, उलट आता तिला कोणी अडवत नाही. ट्यूब सोडली की आठवड्याच्या आत दुप्पट जागेवर उठते. मग पुन्हा ट्यूब.

‘लावली की बसतंय, सोडली की येतंय.’ हे वाक्य मी इतक्या तोंडांनी ऐकलंय की पेशंटने ‘लावली’ म्हटल्याबरोबर मी पुढचं पूर्ण करते.

अशा वर्षभर ट्यूब लावलेल्या जांघेत गजकर्णाची कडा उरत नाही. काळपट, धुरकट पट्टा दिसतो, मध्येच एखादं वलय, त्याच्या आत दुसरं वलय. कातडी कागदासारखी पातळ होते, आणि मांडीच्या आतल्या बाजूला बोटभर रुंदीचे जांभळट वण पडतात, गरोदर बाईच्या पोटावर उमटतात त्याच जातीचे. बुरशी पुढेमागे जाते, वण जात नाहीत. विशीतल्या पोरांच्या मांड्यांवर ते बघताना मला फार राग येतो, आणि तो नेमका कुणावर काढावा हे कळत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशा स्टिरॉइडांना चिठ्ठीशिवाय विकण्याच्या यादीतून काढलं. कागदावर ते झालं. पण दुकानदारावर सगळं ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. पुण्याला जाऊन स्किनच्या डॉक्टरला दाखवायचं तर कामाचा खाडा, एसटीचं भाडं, फी, रक्त तपासणी, आणि वर दोन महिन्यांच्या गोळ्या. गल्लीतली ट्यूब दोन दिवसांत झोप देते. रात्रभर खाजवून सकाळी सहाची बस पकडणारा माणूस काय निवडेल?

या खाजेवर जालीम औषध शोधायची घाई आपल्याकडे जुनी आहे. टाकळ्याचा पाला लोक पिढ्यान्‌पिढ्या चोळत आलेत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ विकली जायची. पिवळसर, झोंबरी, कपड्यांना डाग पाडणारी; ती कुठून येते ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. पुढे कळलं की ती ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी, पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्यात उतरायची. तिच्यातला गुणकारी अंश नंतर सोरायसिसवर वापरला गेला. आणि आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, १९६०च्या आसपास थिरुमलाचार यांच्या गटाने मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून बुरशीवरचं नवं औषध काढलं. कंपनीच्या नावावरून औषध हॅमायसिन आणि पिंपरीवरून सूक्ष्मजीव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. पिंपरी म्हटलं की लोकांना गाड्यांचे कारखाने आठवतात. मला हे आठवतं.

साधं गजकर्ण पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या मलमाने जायचं. जुन्या पुस्तकांत अजूनही तेच लिहिलंय. गेल्या दशकभरात तसं राहिलेलं नाही, आणि हा केवळ माझा समज नाही. भारतात आता बहुतेक ठिकाणी सापडणारी बुरशी वेगळी आहे. २०२०मध्ये तिला स्वतंत्र नाव मिळालं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए; नावातच इंडिया. टर्बिनाफिन हे आमचं हुकमी औषध बुरशीतल्या ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याचाच साचा या बुरशीच्या अनेक वाणांनी बदलून घेतलाय. २०२३मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन स्त्रियांमध्ये ती सापडली, त्यातली एक तर परदेशात गेलेलीच नव्हती. अर्धवट डोस आणि ट्यूबांचा मारा यांनी या बुरशीला किती हातभार लावला यावर तज्ज्ञांची चर्चा चालू आहे. माझ्या टेबलावरच्या रिकाम्या ट्यूबा बघून मला त्यात नवल वाटत नाही.

शंका असली की मी खरवडून बघते. बोथट पात्याने कडेचा कोंडा काचपट्टीवर पाडायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, झाकणकाच ठेवून थोडं थांबायचं. पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि त्यांच्यामधून आडवेतिडवे, फांद्या फुटलेले, पेरापेरांचे धागे दिसायला लागतात. माझा मायक्रोस्कोप जुना, एका लॅबने मोडीत काढलेला. पण मी पेशंटला त्यात डोळा लावायला लावते, आणि ते औषधाइतकंच कामाला येतं. ‘हे माझ्यात आहे?’ असं एकदा तोंडून निघालं की माणूस गोळ्या पुऱ्या करण्याची शक्यता वाढते.

कारण अडचण तिथेच आहे. इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन सुरू केलं की साधारण दुसऱ्या आठवड्यात खाज थांबते. ज्या दिवशी खाज थांबते, त्या दिवसापासून पेशंट माझा राहत नाही. कातडीचा वरचा थर बदलायला सुमारे महिना लागतो. नवा थर खालून वर येऊन जुना, बुरशी भरलेला थर झडून जाईपर्यंत औषध चालू हवं, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही पुढे काही दिवस. पायाच्या नखात शिरली असेल तर नख पूर्ण वाढून बदलायला वर्ष-दीड वर्ष. हे सगळं मी सांगते, तो मान डोलावतो, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची बायको खोकल्यासाठी येते तेव्हा कळतं, ‘त्यांना बरं वाटतंय, थांबवल्या गोळ्या.’ डॉक्टर म्हणून माझं निम्मं काम निदानाचं असेल. उरलेलं निम्मं, काहीच त्रास होत नसलेल्या माणसाला आणखी महिनाभर गोळी गिळायला लावण्याचं.

मी बाई असल्याने पुरुषांचं एक नाटक ठरलेलं. ‘पायाला झालंय.’ कुठे? ‘वर जरा.’ किती वर? मग तो भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत बसतो. कंपाउंडरला आत बोलावून मी बाहेर जाते, तेव्हा कुठे पँट ढिली होते. बायकांचं याच्या उलट. त्या मला सगळं दाखवतात, पण नवऱ्यालाही आहे हे सांगायला तयार नसतात. ‘घरात अजून कोणाला?’ या प्रश्नाचं उत्तर पहिल्या खेपेला नेहमी एकच: ‘कोणाला नाही, मलाच.’

घरात सगळ्यांना असतं. एक पंचा, त्यालाच सगळे अंग पुसतात. झडलेल्या कोंड्यात बुरशी महिनोन्‌महिने तग धरते, अंथरुणात, टॉवेलात, शिवणीत. पावसाळ्यात कपडे दोरीवर तीन-तीन दिवस ओले. धुराने वाळवले तर वास, नाहीतर तसेच दमट चढवायचे. शिरवळच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरांचं आणखी अवघड. बारा तास लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज, घट्ट जीन्स, त्याखाली नायलॉनची अंडरवेअर. त्यांचे आजोबा धोतर नेसून, उघड्या पायाने खाचरात उभे राहिले, त्यांना चिखल्या झाल्या पण जांघा शाबूत राहिल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. मी पोरांना सांगते, सुती आणि सैल घाला, कपडे वेगळे धुवा, गरम पाण्यातून काढा, आणि ऊन नसेल तर शिवणीवर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. ‘चड्डीला इस्त्री?’ म्हणून दवाखान्यात हशा पिकतो. पिकू दे. त्या हशामुळे ते लक्षात राहतं.

एखाद्या घरात गडबड गोठ्यातून सुरू होते. वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर राखाडी, खपलीदार, केस गेलेली चकंदळं असतात. त्याच्या गळ्यात हात घालून बसलेल्या पोराच्या हातावर आणि टाळूवर तीच उठतात. टाळूवर झालं की ते फोडासारखं पिकतं, केस सहज उपटून येतात, आणि घाबरलेले आईबाप ते कापून घ्यायला निघतात. तिथे कापाकापीचा उपयोग नाही. पोराला गोळ्या द्याव्या लागतात आणि वासराला जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं लागतं.

बुरशी काही वेळा दुसऱ्याच आजाराची चिठ्ठी घेऊन येते. छातीखालच्या घडीत लालभडक ओलसर पट्टा, त्याच्या कडेला बारीक पुटकुळ्या. किंवा अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं आणि जीव नको करणारी खाज. ही गजकर्णाची बुरशी नव्हे, ही कँडिडा. आपल्या तोंडात, आतड्यात एरवीही ती गुपचूप राहत असते. अशा बाईची मी आधी साखर तपासते. ग्लुकोमीटरचा आकडा तीनशेच्या पुढे गेला की ती म्हणते, ‘मला कसली आलीय साखर, मी चहाही बिनसाखरेचा पिते.’ पुरुषांत लघवीच्या जागेची कातडी मागे सरत नाही, चिरते, तेव्हाही तेच. आमच्या भागातले कितीतरी मधुमेही खाजेच्या वाटेने सापडलेत.

साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की काय होतं, ते २०२१च्या मे महिन्यात सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन खाली गेलेल्या माणसाला स्टिरॉइडने वाचवलं. तेच काम, शरीराची अंगावर उलटलेली धावपळ थांबवणं. पण त्यानेच साखर चढली आणि पहारा ढिला पडला. म्युकर नावाच्या बुरशीच्या बिया शिळ्या भाकरीवर, शेणखतात, हवेत असतातच, प्रत्येक श्वासात आपण त्या घेतो आणि काही होत नाही. त्या वर्षी झालं. ही बुरशी केराटिन चघळत वर बसत नाही, रक्तवाहिनीत शिरते, ती बुजवते, आणि पुढचा भाग काळा पडून मरतो. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा साथरोग कायद्याखाली नोंद करण्याचा आजार ठरवायला सांगितलं. रुग्णसंख्येत महाराष्ट्र आणि गुजरात सगळ्यांत पुढे होते. तिच्यावरच्या अँफोटेरिसिन औषधाच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते.

माझ्याकडे तेव्हा पलीकडच्या वाडीतले एक काका आले. कोरोनातून उठून पंधरवडा झालेला. ‘एका बाजूचा गाल बधिर झालाय आणि वरचे दात हलतायत.’ बॅटरी मारली तर टाळूवर काळसर डाग. त्याच संध्याकाळी त्यांना पुण्याला पाठवलं. वरचा अर्धा जबडा काढावा लागला, डोळा वाचला. आता ते कवळीसारखी पट्टी टाळूला लावून बोलतात, शब्द नाकातून येतात, आणि दर महिन्याला साखर तपासून घेतात. त्यांच्या पायाच्या बेचक्या मी दर खेपेला उघडून बघते. त्यांना वाटतं मी अतीच करते.

पाय म्हटलं की आमच्या शेजारच्या साताऱ्याचा एक जुना डॉक्टर सांगायला हवा. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर. १८५८च्या ग्रेच्या प्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातली चित्रं याने काढली, आणि मग मुंबईत येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला. पुढे काही वर्षं तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता. काटा रुतलेल्या अनवाणी पायाला वर्षानुवर्षांनी गाठी येतात, छिद्रं पडतात, त्यातून काळे दाणे बाहेर येतात; मदुरा फूट म्हणतात तो आजार. तो बुरशीचा आहे हे कार्टरने नेटाने मांडलं, १८७४मध्ये त्यावर पुस्तक काढलं. (यातला एक प्रकार जंतूंमुळे होतो, हे नंतर कळलं.) शिकत असताना दुष्काळी पट्ट्यातल्या एका मेंढपाळाचा असा पाय मी बघितला होता. काटा कधी रुतला ते त्याला आठवत नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून तो आला नव्हता. तिथे दुखत नाही म्हणून येत नाहीत, इथे खाज थांबली म्हणून येत नाहीत.

परवा शिरवळला कामाला असलेला एक मुलगा पाचव्या आठवड्याला आला. स्वतःहून, न बोलावता. असं फार वेळा होत नाही. जांघ बघितली, कडा मावळलेली, काळपट डाग तेवढा उरलाय. गोळ्या अजून चालू ठेव म्हटलं. ‘अजून? मॅडम, खाज जाऊन तीन आठवडे झाले.’ म्हणूनच, म्हटलं. त्याने मोबाइलवर गोळ्यांचा हिशोब केला, ओव्हरटाइमचे पैसे कधी येणार ते मनात मोजलं, आणि ‘बरं’ म्हणाला. बुटांचा दुसरा जोड घेतलास का? घेतला, आलटून पालटून घालतो. इस्त्री? हसला. करतो, पण आई बाहेर गेल्यावर.

‘पुढच्या वेळी बायकोलाही घेऊन ये.’

‘तिला काही नाही मॅडम.’

‘तू पहिल्यांदा आलास तेव्हा तुझ्याही पायालाच झालं होतं,’ मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.